साक्षीदाराचे डोळे आणि संगणक

वर्धा जिल्ह्यातील गिरड येथे शेख फरीद बाबांच्या टेकडीवर दूरदूरचे भाविक येतात. समजा, अशा गर्दीत कोणी एका वृद्धेचे गाठोडे हिसकावून पोबारा केला. चोराचे तोंड तिला क्षणभरच दिसले. पुढे पोलिसांनी एका संशयिताला पकडले, तर चोर तो हाच, हे कसे ठरवावयाचे?

याकरिता ‘ओळख परेड’ घेतात. संशयिताला त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या निदान सहा माणसांत उभे करतात व साक्षीदाराला चोर ओळखण्यास सांगतात. महाराष्ट्रात ही परेड पोलीस स्वतः घेत नाहीत; दंडाधिकारी ती पंचांसमक्ष घेतात.

परंतु स्मृती म्हणजे पेटीत जपून ठेवलेले चित्र नव्हे. ती पुसट होते आणि दुसऱ्यांच्या बोलण्याने बदलतेही. १८९६ साली लंडनमध्ये ॲडॉल्फ बेक या निरपराध मनुष्याला अनेक स्त्रियांनी आपणांस फसविणारा भामटा म्हणून ओळखले. त्याला सात वर्षांची सक्तमजुरीची शिक्षा झाली. सुटून आल्यावर १९०४ साली तो तशाच आरोपावरून पुन्हा दोषी ठरला. त्याच वर्षी खरा भामटा सापडला, तेव्हा कोठे बेक मुक्त झाला.

अशा चुका टाळण्यासाठी संगणकाचे साहाय्य होते. इंग्लंडमध्ये आता बहुधा चित्रफितींच्या साहाय्याने परेड घेतात. संगणकात साठविलेल्या चेहऱ्यांतून संशयिताशी साम्य असणारे निदान आठ चेहरे निवडतात आणि ते सर्व एकामागून एक दाखवितात. त्यामुळे साक्षीदाराला संशयितासमोर उभे राहावे लागत नाही व त्याची भीती कमी होते. शिवाय अधिकाऱ्याच्या नजरेतून किंवा स्वरातून नकळत सूचना मिळू शकते; यंत्राला नजरही नाही आणि स्वरही नाही. साक्षीदाराचे उत्तर त्याच्याच शब्दांत तत्काळ नोंदविताही येते.

तथापि, डोळ्यांनी जे पाहिलेच नाही, ते संगणक दाखवू शकत नाही. तो स्मृती वाढवीत नाही. ती गढूळ होऊ नये एवढीच काळजी घेतो. म्हणूनच ‘गुन्हेगार यांत नसेलही’, असे साक्षीदाराला आधी सांगणे अत्यंत आवश्यक असते. खात्री नसताना ‘मला ओळखता येत नाही’ असे सांगणारा साक्षीदार न्यायाला साहाय्यच करतो. कारण एका चुकीच्या बोटाने निरपराध मनुष्य तुरुंगात जातो आणि खरा चोर मोकळा राहतो.