टर्लीची मुलगी

मार्केट ड्रेटनचा बाजार बुधवारचा. इंग्लंडच्या पश्चिमेला, वेल्सला खेटून असलेल्या श्रॉपशायर काउंटीच्या ईशान्य कोपऱ्यात, टर्न नदीच्या काठी हे गाव वसलं आहे. तिसऱ्या हेन्री राजाने १२४५ साली कॉम्बरमिअर मठाला इथे बाजार भरवण्याची सनद दिली आणि बुधवारचा बाजार आजही भरतो. भाजी, चीज, अंडी, रोपं, कपडे असं सगळं मांडलेलं असतं. गिऱ्हाईक आणि दुकानदार एकमेकांच्या घरची खुशाली विचारतात, कोण आजारी आहे, कोणाचं घर विकलं गेलं, याची देवाणघेवाण होते. कोणाचं मूळ शोधायचं असेल तर हा बाजारही तितकाच कामाचा, जितका सरकारी दफ्तरखाना.

हे गाव माझ्या विहीणबाईंचं, म्हणजे लेकीच्या सासूबाईंचं, आजोळ. आई, आजी, पणजी अशा बायकांच्या बाजूने कुर्सीनामा, म्हणजे वंशावळ, जुळवायचं काम त्यांनी निवृत्तीनंतर हाती घेतलं. लेकीकडे मुक्कामाला गेले की मीही त्यांच्याबरोबर निघते. नात दोघींची एकच आहे. तिची निम्मी मुळं या मातीत आहेत, ती मला ठाऊक असावीत असं मनापासून वाटतं.

आमच्या घराण्याची नावं त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांच्या वहीत आहेत. आडनाव आणि गाव सांगितलं की वही उघडते, कारण आपल्याच पूर्वजांनी तिथे जाऊन आपली नावं लिहून ठेवलेली असतात. इंग्लंडमध्ये सामान्य घराण्याची अशी वेगळी वही कोणी ठेवली नाही. चर्चने बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं नोंदवली, सरकारने डोकी मोजली, गरिबांच्या मदतीचा हिशेब आणखी कोणी ठेवला. एकच माणूस या सगळ्या दफ्तरांत विखुरलेला असतो. त्याला गोळा करून एका जागी आणणं म्हणजे हा कुळशोध.

कामाचा पहिला नियम असा, की ठाऊक आहे तिथून एकेक पाऊल मागे जायचं. थोर माणसापासून सुरुवात करून आपल्यापर्यंत यायचा मोह आवरायचा. विहीणबाईंच्या जेवणाच्या टेबलावर आधी त्यांचा स्वतःचा जन्मदाखला आला, मग आईचा, मग आजीचा. इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्म, लग्न आणि मृत्यूची सरकारी नोंद १ जुलै १८३७ पासून सुरू झाली. जन्मदाखल्यात आईचं माहेरचं आडनाव असतं. बायकांच्या बाजूने मागे जाणाऱ्याला हा एक रकाना म्हणजे सगळ्यात मोठा आधार. लग्नाच्या दाखल्यावर मात्र वधू-वरांच्या फक्त वडिलांची नावं आणि धंदे लिहीत. आईचं नाव तिथे यायला मे २०२१ उजाडावं लागलं. पावणेदोनशेहून अधिक वर्षं आपल्याच मुलांच्या लग्नाच्या कागदावर आयांना जागा नव्हती, हे वाचून मी सुन्न झाले.

१८३७ च्या मागे चर्चच्या वह्या लागतात. आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने १५३८ मध्ये प्रत्येक पॅरिशला, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या विभागाला, अशी वही ठेवायला सांगितलं. त्यासाठी आम्ही श्रूझबरीला श्रॉपशायर आर्काइव्हजमध्ये जातो. वाचनकक्षात शाईचं पेन चालत नाही, फक्त पेन्सिल. जुनी वही सपाट उघडत नाहीत, ती उतरत्या उशांवर टेकवतात आणि पान उलटू नये म्हणून कापडात शिवलेली वजनदार माळ त्यावर ठेवतात. ज्या वह्या फार हाताळल्या गेल्या, त्यांची मायक्रोफिशवरची छायाचित्रंच वाचायला मिळतात. अक्षर लावण्याची विहीणबाईंची रीत मला फार आवडते. अडलेला शब्द त्या तिथेच सोडतात, त्याच पानावर त्याच माणसाने लिहिलेले ओळखीचे शब्द शोधतात, त्याचा ‘के’ कसा आणि ‘आर’ कसा ते पाहतात आणि मग अडलेल्या शब्दाकडे परततात. अंदाजाने वाचलेलं नाव त्या कधीच लिहून घेत नाहीत.

तारखांकडेही डोळ्यांत तेल घालून पाहावं लागतं. १७५२ पूर्वी इंग्लंडमध्ये कायद्याचं वर्ष २५ मार्चला सुरू होई. त्यामुळे नोंदीतला १७३० चा फेब्रुवारी आपल्या हिशेबाने १७३१ चा असतो. हे लक्षात न घेणाऱ्याला मूल आईबापांच्या लग्नाआधी जन्मलेलं दिसतं आणि एखाद्या बाईवर विनाकारण ठपका येतो.

आमच्या शोधातलं मुख्य माणूस म्हणजे १८३० नंतरच्या दशकात जन्मलेली एक मुलगी, विहीणबाईंच्या पणजीची आई. तिचा बाप्तिस्मा मार्केट ड्रेटनच्या सेंट मेरी चर्चमध्ये झाला. १८१३ पासून बाप्तिस्म्यासाठी छापील वह्या आल्या आणि त्यांत वडिलांचा धंदा आणि राहण्याचं ठिकाण यांचे रकाने आले. मुलीच्या ओळीत धंदा ‘मजूर’ आणि ठिकाण ‘टर्ली’ असं लिहिलेलं आहे. आईचं नाव आहे, माहेरचं आडनाव नाही.

पुढची गाठ १८४१ च्या जनगणनेत पडली. शिरगणती १८०१ पासून दर दहा वर्षांनी होत होती, पण घरोघरच्या माणसांची नावं देशभर रीतसर जपली गेली ती १८४१ पासून. तेव्हा पंधराच्या वरच्या माणसांची वयं पाचाच्या पटीत खाली ओढून लिहीत, म्हणून चौतीस वर्षांचा माणूस कागदावर तीसचा होतो. नाती लिहिलेली नाहीत. ‘याच काउंटीत जन्म झाला का?’ असा एक रकाना आहे. कुटुंब ड्रेटन गावात आलेलं होतं आणि मुलीपुढे ‘नाही’ अशी खूण होती. बाप्तिस्मा याच गावच्या चर्चमधला आणि जन्म मात्र काउंटीच्या बाहेरचा, हे कसं?

उत्तर गावाच्या नकाशात होतं. चर्चच्या हिशेबाने हा पॅरिश ‘ड्रेटन-इन-हेल्स’ आणि त्याची हद्द काउंटीच्या हद्दीला जुमानत नव्हती. गावातून चालत जाता येईल इतक्या जवळची टर्ली चर्चसाठी ड्रेटनमध्ये, पण सरकारसाठी स्टॅफर्डशायरमध्ये. म्हणजे एकाच घराचे काही कागद श्रूझबरीला आणि काही स्टॅफर्डला. ज्याला ही हद्द ठाऊक नाही, त्याला ही मुलगी कुणी परकीच वाटेल. १८५१ च्या जनगणनेत जन्मठिकाणाचं नाव लिहायला सुरुवात झाली, तेव्हा ती गावातल्या एका घरी मोलकरीण होती आणि तिच्यापुढे स्वच्छ अक्षरात स्टॅफर्डशायर, टर्ली असं होतं. काही वर्षांनी तिचं लग्न झालं. दाखल्यावर तिच्या सहीच्या जागी फुली आहे, दोन तिरक्या रेघांची. एक रेघ लांब आणि दाबून ओढलेली, दुसरी आखूड. तिच्या हातची म्हणून जगात उरलेली एवढीच एक गोष्ट.

तिच्या लेकीची गाठ १९११ च्या जनगणनेत पडते. त्या वर्षीचे कागद खास आहेत, कारण कुटुंबप्रमुखाने स्वतःच्या हाताने भरलेले मूळ तक्ते राखून ठेवले गेले. विवाहित बायकांना त्यात विचारलं होतं, की लग्नाला किती वर्षं झाली, किती मुलं जिवंत जन्मली, किती हयात आहेत आणि किती गेली. मुलांच्या रकान्यांत नवऱ्याच्या जाड, चौकोनी अक्षरात तीन आकडे आहेत: आठ, पाच, तीन. गेलेल्या तिघांपैकी एकाचं नाव विहीणबाईंच्या घरात कोणी कधी उच्चारलेलं नव्हतं. १९०१ आणि १९११ यांच्या मधे जन्मून गेलेलं मूल कुठल्याच शिरगणतीत येत नाही. त्याला जन्माच्या आणि मृत्यूच्या नोंदींत शोधावं लागलं आणि ते सापडलं. आता त्याचं नाव कुर्सीनाम्यात भावंडांच्या ओळीत आहे.

कागदाचं असं, तर गावाच्या आठवणींचं वेगळंच. ड्रेटनमध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या रॉबर्ट क्लाइव्हची गोष्ट कोणीही सांगेल. त्याचा जन्म १७२५ मध्ये जवळच्या मोर्टन से पॅरिशमधल्या स्टाइच इथला, काही काळ शिकला तो ड्रेटनच्या ग्रामर स्कूलमध्ये. पोरवयात तो सेंट मेरीच्या मनोऱ्यावर चढून बसला होता, ही कथा गावात घरोघरी आहे. आपल्याकडे हे नाव विजयदुर्गाशी जोडलेलं आहे. १७५६ च्या फेब्रुवारीत तुळाजी आंग्र्यांचा तो किल्ला पडला, तेव्हा इंग्रज नौसेनानी वॉटसनच्या आरमाराबरोबर फौज घेऊन हाच क्लाइव्ह होता आणि जमिनीवर पेशव्यांचं सैन्य होतं. सेंट मेरीच्या आवारात उभी राहून मनोऱ्याकडे पाहताना मला विजयदुर्गाच्या खाडीची आठवण येते. गाव अशा मुलाची गोष्ट जवळपास तीनशे वर्षं सांभाळतं. टर्लीच्या मजुराच्या मुलीची गोष्ट गाव सांभाळत नाही, ती घरानेच सांभाळावी लागते.

घराने एक वाक्य सांभाळलं होतं. विहीणबाईंच्या आईची एक मावसबहीण नव्वदी ओलांडलेली आहे, पण बोलायला खणखणीत. तिच्याकडे जाताना विहीणबाई जुने फोटो नेतात. सनावळी कधी विचारत नाहीत. “हे लग्नाच्या आधी की नंतर?”, “तेव्हा गाडी सुरू होती का?” असं विचारतात. ड्रेटनला रेल्वे १८६३ मध्ये आली आणि प्रवासी गाडी शंभर वर्षांनी, १९६३ मध्ये बंद झाली, त्यामुळे गाडीच्या आठवणीवरून काळ पक्का करता येतो. बोलण्याची परवानगी घेऊन ध्वनिमुद्रण करतात आणि मधे दुरुस्त्या करत नाहीत. मावशींनी बाजारातल्या गुरांचा गलका सांगितला, पोर्ट वाइनमध्ये बुडवून खायच्या इथल्या प्रसिद्ध जिंजरब्रेडचा वास सांगितला आणि ओघात म्हणाल्या, “आमची माणसं मूळची बोटीवरची.”

कुठल्याही कागदात बोटीवरचा माणूस नाही. मुलीचा बाप मजूर, नवरा शेतमजूर. एखाद्याने ही आठवण चुकीची म्हणून खोडली असती. आम्ही टर्लीला गेलो. तिथे कालव्याच्या पाच लॉक्सची उतरंड आहे. एकेका हौदात पाणी भरून किंवा सोडून बोट वर-खाली नेतात. वाळूच्या दगडात खोल खणून काढलेल्या वाटेने पाणी जातं, भिंतींवर शेवाळ आणि नेचे लोंबतात. हा कालवा अभियंता थॉमस टेलफर्डचा शेवटचा मोठा प्रकल्प. तो १८३४ मध्ये वारला आणि कालवा १८३५ मध्ये पुरा झाला. म्हणजे मुलगी जन्मली त्याच सुमारास तिच्या घराजवळ शेकडो मजूर दगड फोडत होते. बाप्तिस्म्याच्या वहीतला ‘मजूर’ शेतातला होता की कालव्यावरचा, हे वही सांगत नाही. घरची आठवण धंद्याबाबत कदाचित घसरली असेल, पण ठिकाण तिने अचूक धरून ठेवलं होतं. विहीणबाईंनी तक्त्यात ‘मजूर’ पेनने लिहिलं आणि पुढे पेन्सिलीने ‘कालव्यावर?’ असं लिहिलं. पुरावा मिळेपर्यंत ते प्रश्नचिन्ह पुसायचं नाही, असं त्यांनी ठरवलं आहे. या कामातली सगळी सचोटी मला त्या प्रश्नचिन्हात दिसते.

त्या कुटुंबाच्या थडग्याचा दगड आम्हाला मिळाला नाही. दगड बसवायला पैसे लागत आणि गरिबांची थडगी बिनदगडाची राहिली. ज्यांचे दगड आहेत, त्यांचीही अक्षरं झिजली आहेत. ती वाचायला विहीणबाई दगडाला चिकटवून बाजूने विजेरीचा झोत सोडतात, मग उथळ अक्षरांच्या कडांना सावली धरते आणि नाव वर येतं. दगडफूल खरवडायचं नाही, खडू घासायचा नाही, हे त्या कटाक्षाने पाळतात. शेजारीपाजारी, नातेवाईक, साक्षीदार म्हणून सह्या करणारे यांची नावंही त्या टिपून घेतात, कारण माणूस एकटा कधीच जगत नाही. नाव हाती लागणं ही अर्धीच मजल असते. पॅरिशची हद्द, कालवा, बाजार, मोलमजुरी हे सगळं कळलं, तेव्हाच ते नाव माणूस झालं.

या कामाला आता घाई आहे आणि त्याचं कारण अगदी साधं आहे. जनगणनेचे कागद शंभर वर्षं गुप्त ठेवतात. १९२१ चे कागद जानेवारी २०२२ मध्ये खुले झाले. १९३१ चे इंग्लंड-वेल्सचे कागद १९४२ मध्ये आगीत जळाले. १९४१ मध्ये महायुद्धामुळे शिरगणतीच झाली नाही. मधे सप्टेंबर १९३९ ची युद्धकाळातली एक नोंदवही आहे, पण तिच्यात घरातली नाती लिहिलेली नाहीत. १९५१ चे कागद २०५२ शिवाय उघडणार नाहीत. तीस वर्षांच्या या पोकळीतलं घर कसं होतं, कोण कोणाकडे वाढलं, कोणाशी बोलणं का तुटलं, हे सांगू शकणारी माणसं आज नव्वदीच्या घरात आहेत.

म्हणून विहीणबाई हल्ली आर्काइव्हजपेक्षा मावशींकडे जास्त जातात, आणि माझ्याकडून त्यांनी एक वचन घेतलं आहे. पुण्यात माझी आत्या सत्त्याऐंशी वर्षांची आहे. त्र्यंबकेश्वरच्या वहीत तिच्या वडिलांचं आणि आजोबांचं नाव आहे, पण तिची आजी कुठल्या गावची, तिचं माहेरचं नाव काय, किती लेकरं जगली, हे फक्त आत्याला माहीत आहे. परत गेल्यावर पहिल्याच आठवड्यात तिच्याकडे बसून हे सगळं विचारायचं आणि तिच्याच शब्दांत लिहून घ्यायचं. नातीच्या कुर्सीनाम्यात टर्लीच्या मुलीच्या बरोबरीने आत्याच्याही आजीला जागा मिळाली पाहिजे.