हळद-कडुनिंबाने कर्करोग बरा होतो?

नोव्हेंबर २०२४ मध्ये माजी क्रिकेटपटू व राजकीय पुढारी नवज्योतसिंग सिद्धू यांनी पत्रकारांना सांगितले, की कच्ची हळद, कडुनिंबाचा पाला, लिंबूपाणी अशा आहाराने पत्नीचा कर्करोग ४० दिवसांत बरा झाला. त्यांच्या शस्त्रक्रिया व केमोही झाली होती. लोकांच्या कानात राहिली ती हळद!

परळच्या टाटा रुग्णालयाच्या २६२ आजी-माजी डॉक्टरांना पत्रक काढावे लागले: याला पुरावा नाही, उपचार थांबवू नका. पुढे सिद्धूंनीच खुलासा केला, आहार डॉक्टरांच्या सल्ल्यानेच होता. (खुलासा वाचतो कोण?)

आमच्या वस्तीतली बाई गाडीभाडे आणि बुडालेला रोज मोजते. तिला फुकटचा पाला लगेच पटतो. भगिनींनो, केमोची तारीख चुकवू नका. पैशांची अडचण असेल तर केसपेपर घेऊन रुग्णालयातील समाजसेवकांना भेटा.