आधी माल पाहा

मागल्या उन्हाळ्यात वाशीम जिल्ह्यातल्या इंझोरीला आमच्या गल्लीत तीनचाकी सायकलवरून एक अगरबत्तीवाला आला. मनगटं आत वळलेली, मान एका बाजूला ओढलेली, बोलणं जड. ओट्याच्या तीन पायऱ्या त्याला चढता येत नव्हत्या, म्हणून त्याने रस्त्यावरूनच हाक दिली. ती कुणाला नीट कळली नाही. काकूने खिडकीतून पाहिलं, पोराच्या हातात दहाची नोट ठेवली अन् म्हणाली, ‘दे त्याला.’ पोरगा नोट तशीच घेऊन परत आला. त्या माणसाचं म्हणणं त्याला दोनदा ऐकावं लागलं होतं : ‘दान नोको माय, पयले माल तं पाहा.’ शेवटी काकूने काही पुड्या घेतल्या.

मला त्या क्षणी ‘डोअर टू डोअर’ आठवला. 2002 साली अमेरिकेत टीएनटी वाहिनीवर दाखवलेला हा चित्रपट बिल पोर्टर नावाच्या खऱ्याखुऱ्या सेल्समनवर आहे. पोर्टर 1932 साली जन्मला. त्याला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूचा पक्षाघात होता. उजवा हात जवळजवळ निकामी, पाठ वाकलेली, बोलणं अडखळत. नोकरीच्या लायक नाही, असं ऐकून घेतल्यावरही तो वॉटकिन्स कंपनीच्या दारात गेला आणि म्हणाला, जो भाग कुणालाच नको तो मला द्या. पगार नाही, फक्त कमिशन. मग ऑरेगॉन राज्यातल्या पोर्टलंड शहरात तो वर्षानुवर्षं रोज मैलोन्‌मैल चालत दारं ठोठावत राहिला आणि त्या भागातला कंपनीचा आघाडीचा विक्रेता झाला. विल्यम मेसीने त्याची भूमिका केली, हेलन मिरेनने आईची. चित्रपटाला सहा एमी पुरस्कार मिळाले. जपानमध्ये 2009 साली याच गोष्टीवर त्यांचा स्वतःचा चित्रपट झाला.

हा चित्रपट पाहून डोळे पुसणारे पुष्कळ भेटतात. पण डोळे पुसून झाल्यावरही मनातल्या चुकीच्या समजुती बहुतेकदा जागच्या हलत नाहीत. म्हणून एकेक घेऊन बोलतो.

गैरसमज : बोलणं अडखळतं म्हणजे डोकं कमी.

आमच्या काकूने नेमकं हेच धरलं होतं आणि ती काही वाईट बाई नाही. बोलायला जीभ, ओठ, गळा आणि श्वास यांचे स्नायू एका तालात हलावे लागतात. मेंदूचा पक्षाघात झालेल्या माणसात तो हुकूम स्नायूंपर्यंत नीट पोचत नाही. वाक्य डोक्यात पुरं तयार असतं, तोंडातून बाहेर पडताना ते मोडतं. काहींना बौद्धिक अक्षमताही असते हे खरं, पण साधारण निम्म्या जणांना ती नसते. कुणाला आहे आणि कुणाला नाही, हे तोंडाकडे पाहून ठरवता येत नाही.

आपल्याच राज्यातलं उदाहरण घ्या. मुंबईच्या मालिनी चिब यांना जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे. त्यांच्या आई मिठू अलूर यांनी 1972 साली मुंबईत स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया सुरू केली, कारण अशा मुलांना घेणारी शाळाच नव्हती. मालिनी सेंट झेवियर्समधून पदवीधर झाल्या, लंडनला जाऊन दोन पदव्युत्तर पदव्या घेतल्या आणि मुंबईतल्या एका पुस्तकांच्या दुकानात कार्यक्रमांची व्यवस्था पाहणारी नोकरी केली. एका बोटाने टाइप करत त्यांनी आत्मचरित्र लिहिलं, त्याचं नावच ‘वन लिटल फिंगर’. बिल पोर्टरही रात्री घरी बसून दिवसभराच्या ऑर्डरी एकाच बोटाने टाइप करायचा. एक मुंबईत, एक पोर्टलंडमध्ये. बोट तेवढं सारखं.

गैरसमज : ‘वारं गेलं’, ‘ग्रहण लागलं’, ‘पोलिओ असेल’.

आमच्याकडे हात-पाय वाकडा दिसला की या तिन्हींपैकी एक कारण ठरलेलं. ग्रहणात गरोदर बाईने विळी हातात धरली म्हणून बाळ असं झालं, हे सांगणाऱ्या बायका अजून आहेत, आणि ज्या आईला हे ऐकावं लागतं तिच्या जिवाचं काय होतं ते मी जवळून पाहिलं आहे. ग्रहण म्हणजे सावली. सावलीने गर्भातल्या बाळाच्या मेंदूला काही होत नाही.

पोलिओ वेगळा. त्याचा विषाणू पाठीच्या कण्यातल्या चेतापेशी मारतो, पाय लुळा पडतो, मेंदू शाबूत राहतो. नैसर्गिक पोलिओ विषाणूचा भारतातला शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 मध्ये सापडला आणि 27 मार्च 2014 रोजी आपला देश पोलिओमुक्त जाहीर झाला. म्हणजे आज अंगणवाडीतल्या मुलाच्या पायात ताठरपणा दिसला तर पोलिओ म्हणून गप्प बसणं चुकीचं आहे.

मेंदूचा पक्षाघात म्हणजे वाढत्या मेंदूला झालेली इजा. जगभरात हजार जन्मांमागे सुमारे दोन ते तीन मुलांना तो होतो. बाळंतपणातच काहीतरी चुकलं असणार, असंही सगळे धरून चालतात. प्रत्यक्षात पुष्कळदा इजा जन्माच्या आधीच झालेली असते. दिवस भरायच्या आत जन्म, गरोदरपणातला रुबेलासारखा संसर्ग, जन्मानंतर मेंदूज्वर, अशी कारणं अनेक आहेत. त्यातलं एक तर आपण टाळू शकतो. नवजात बाळाची कावीळ फार वाढली तर रक्तातलं बिलिरुबिन मेंदूत उतरतं आणि कायमची इजा करतं. निळ्या प्रकाशाखाली वेळेवर ठेवलं तर हे थांबतं. बाळ पिवळं दिसतंय म्हणून कोवळ्या उन्हात धरून घरीच थांबणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं.

चौथ्या महिन्यापर्यंत मान धरत नाही, नवव्या महिन्यापर्यंत आधाराशिवाय बसत नाही, मुठी सतत घट्ट मिटलेल्या, तर वाट पाहू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासायला येतं, त्यांना दाखवावं. मेंदूची इजा भरून निघत नाही, पण व्यायाम लवकर सुरू झाला तर मूल खूप काही शिकतं.

गैरसमज : मेंदूचा पक्षाघात एकाचा दुसऱ्याला लागतो आणि वाढत जातो.

लागत नाही. मेंदूतली इजाही वाढत नाही. वयाबरोबर सांधे आखडतात, दुखणी वाढतात, ती वेगळी गोष्ट.

गैरसमज : लोक दयेपोटीच घेतात.

पोर्टरकडून पहिल्या वेळी कुणी दयेने घेतलंही असेल. पण एखादी बाई दर महिन्याला व्हॅनिला आणि मसाले मागवते ते दयेने नव्हे. वॉटकिन्स ही 1868 सालची कंपनी, मिनेसोटातल्या वायनोना गावची. तिच्या मालिशच्या औषधाच्या बाटलीच्या काचेवर एक खूण असे. औषध त्या खुणेपर्यंत वापरून पाहा, गुण आला नाही तर बाटली परत करा आणि पूर्ण पैसे घ्या, अशी हमी. पोर्टर दाराशी उभा राहून हाच माल विकत होता. गिऱ्हाईक नाही म्हणालं तर तो पुढच्या वेळी पुन्हा यायचा. कुणाला काय लागतं ते त्याला ठाऊक असायचं.

खरेदी आणि भीक यांतला फरक साधा आहे. खरेदीत गिऱ्हाईकाला तक्रार करता येते. दहाची नोट देणारी काकू त्या अगरबत्तीवाल्याला कधीच म्हणणार नव्हती की तुझी अगरबत्ती धूर फार करते. आणि जोवर ती हे म्हणत नाही, तोवर तो तिच्या दारात विक्रेता होत नाही.

आणखी एक. अशा माणसाला आपणच सांभाळायचं असतं, असं आपण धरतो. पोर्टरच्या आईची स्मृती म्हातारपणी गेली, तेव्हा तिची काळजी त्याने वाहिली.

गैरसमज : जिद्द असली की झालं.

या समजुतीने सगळ्यात जास्त नुकसान होतं असं मला वाटतं, कारण ती ऐकायला फार गोड आहे. 1995 साली ‘द ओरेगोनियन’ या वृत्तपत्रात टॉम हॉलमन यांनी पोर्टरच्या एका दिवसाचं वर्णन लिहिलं आणि तिथून तो देशाला माहीत झाला. त्या वर्णनात जिद्द आहेच, पण तिच्या शेजारी बरंच काही आहे. शहरातल्या हॉटेलचा दारवान त्याच्या शर्टाची वरची गुंडी आणि बाह्यांची बटणं लावून द्यायचा. बूटपॉलिशवाले नाड्या बांधायचे. वेळेवर येणारी बस होती, चालण्याजोगे पदपथ होते. घेतलेल्या ऑर्डरी पोचवायला त्याने शेली ब्रेडी या मुलीला पगारावर ठेवलं होतं.

आता इंझोरीतून मानोऱ्याला किंवा कारंज्याला बसने जायचं म्हणा. एसटीची पहिली पायरी गुडघ्याएवढी उंच. ती चढायला जिद्द कुठून आणायची? स्टेला यंग ही चाकाच्या खुर्चीतून वावरणारी ऑस्ट्रेलियन लेखिका 2014 मध्ये एका भाषणात म्हणाली होती की पायऱ्यांकडे पाहून कितीही हसलं तरी त्यांचा उतार होत नाही. मला हे शंभर टक्के पटतं.

म्हणून कायदा लागतो. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने 7 ऐवजी 21 प्रकारचं दिव्यांगत्व मान्य केलं, त्यात सेरेब्रल पाल्सीचं नाव स्वतंत्रपणे आहे. 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असलं की आरक्षण आणि बहुतेक योजनांचं दार उघडतं. त्यासाठी अर्ज यूडीआयडीच्या, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राच्या, संकेतस्थळावर करायचा आणि तपासणीला वाशीमच्या जिल्हा रुग्णालयात जायचं. नॅशनल ट्रस्टची ‘निरामय’ ही आरोग्य विमा योजना सेरेब्रल पाल्सी असलेल्यांनाही लागू आहे, वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत. आणि प्रत्येक ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचे 5 टक्के गावातल्या दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. हे पैसे कशावर गेले, हा प्रश्न ग्रामसभेत कुणीही उभं राहून विचारू शकतो.

गैरसमज : चित्रपटात दिसलं तसंच घडलं.

सगळं नाही. कित्येक वर्षांची कथा दीड तासात बसवताना प्रसंग जुळवावे लागतात. मेसी स्वतः दिव्यांग नाही. तो चेहरा रंगभूषेने घडवलेला आहे. मालिनी चिब यांच्या आयुष्यावरून प्रेरणा घेऊन शोनाली बोस यांनी ‘मार्गारिटा विथ अ स्ट्रॉ’ काढला, त्यातही भूमिका दिव्यांग नसलेल्या कल्की केकलांने केली. दोघांचाही अभिनय उत्तम आहे. तरी ज्यांची गोष्ट आहे त्यांच्यातल्या कलावंताला ती करायला मिळावी, असं मनापासून वाटतं.

खरा पोर्टर डिसेंबर 2013 मध्ये, 81 व्या वर्षी गेला.

आमचा अगरबत्तीवाला पोळ्यानंतर पुन्हा आला. या वेळी काकू स्वतः तीन पायऱ्या उतरून रस्त्यावर गेली. हातात मागच्या वेळी घेतलेल्या पुड्यांपैकी एक होती. ‘हे पाहा भाऊ, ही ओली निघाली. पेटतच नाही.’ त्याने पुडी वाकड्या मनगटावर टेकवून नाकाशी नेली, मान हलवली आणि पिशवीतून दुसरी काढून तिच्या हातात दिली. मग बराच वेळ लागला त्याला वाक्य पुरं करायला. काकू उन्हात उभी राहिली, मधे एक शब्दही बोलली नाही.

‘पावसानं ओली झाली माय. आता प्लास्टिकच्या पुडीत आणतो. मोगरा देऊ का चंदन?’