खेळाचा नायक

नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा तालुक्यात, सातपुड्याच्या कुशीत, काठी नावाचे गाव आहे. तेथील राजवाडी होळी प्रसिद्ध आहे. मोरपिसांचे टोप घातलेले, कमरेला घुंगरू बांधलेले आदिवासी बांधव रात्रभर फेर धरून नाचतात आणि पहाटे होळी पेटविली जाते. एवढ्या मोठ्या समुदायाला ढोलाचा ताल एकत्र बांधून ठेवतो. सर्वांना ऐकू येईल व सर्वांच्या पायांना पेलेल, असाच तो ताल असतो.

मुलांनो, पटांगणावर खेळ घेणाऱ्या नायकाचे कामही असेच आहे. त्याने नियम थोडक्या शब्दांत सांगावेत, एकदा करून दाखवावेत आणि मुले कंटाळण्यापूर्वीच खेळ बदलावा.

मात्र नायकाची रीत ज्याची त्याने शोधावी. ज्याचा आवाज खणखणीत, त्याने पुढे उभे राहून खेळ घ्यावा. जो अबोल, त्याने गड्यांत मिसळून वाट दाखवावी. जो विनोदी, त्याने हसत हसत भांडणे मिटवावीत. दुसऱ्याची नक्कल फार काळ टिकत नाही.

रीती अनेक असल्या, तरी कसोटी एकच. खो-खोत आठ गडी बसतात व नववा पाठलाग करतो. बसलेल्यांपैकी एखाद्याला कोणी खोच दिला नाही, तर तो खेळात असूनही खेळाबाहेर राहतो. असा गडी ज्याला सर्वांआधी दिसतो, त्याच्या हाती खुशाल खेळ सोपवावा.