चामड्याचे काम आरंभिताना

मोट, नाडा, पखाल, बुधला, खोगीर, चाबूक, वहाणा, ढोलकीची पुडी आणि तलवारीचे म्यान एवढ्या जिनसांची नुसती नावे मनाशी घोळवली, तरी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या महाराष्ट्रातील शेती, वाहतूक, लष्कर आणि संगीत ही सारी चामड्यावर किती अवलंबून होती याची कल्पना येते. विहिरीचे पाणी पाटात पडे ते मोटेतून, आणि ती मोट ज्याच्या हातांनी दुरुस्त होई तो चर्मकार गावाचा बलुतेदार असे. परंतु ज्याच्या मेहनतीवर गावाचे पीक उभे राही त्यालाच अस्पृश्य मानून दूर ठेवण्याचा शिरस्ता आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या चालवला, आणि त्या अन्यायाचा एक परिणाम असा झाला की या कसबाविषयी मराठीत फारसे लेखन झाले नाही, आणि इतरांना ते शिकण्याजोगे शास्त्र आहे असे वाटलेही नाही. अलीकडे ही स्थिती पालटू लागली आहे. शहरांतील सुशिक्षित तरुण-तरुणी, कोणी हौस म्हणून तर कोणी स्वतंत्र व्यवसायाच्या इच्छेने, पट्टे, पाकिटे आणि पिशव्या स्वहस्ते बनवू पाहत आहेत, आणि त्यांच्यापैकी बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो तो हा, की शिवणयंत्र कोणते घ्यावे? प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु त्याचे उत्तर चामडे, दोरा आणि करावयाची वस्तू या तीन गोष्टी ठरल्यावाचून देता येत नाही, आणि त्या तीन गोष्टींचे ज्ञान यंत्रावर बसून नव्हे, तर हाताने काम केल्यानेच होते, असे माझे ठाम मत आहे.

प्रथम चामड्याकडे पाहू. जनावराचे कच्चे कातडे ओले असता सडते आणि वाळले असता ताठ होऊन तडकते. त्यातील प्रथिनतंतूंशी एखाद्या द्रव्याचा कायमचा संयोग घडवून आणून त्याला टिकाऊपणा देणे, यालाच कमावणे म्हणतात. आपल्याकडील जुनी पद्धत वनस्पतिज द्रव्यांची. बाभळीची साल आणि सह्याद्रीच्या माथ्यावर होणारा हिरडा यांतील तुरट द्रव्यांत कातडी अनेक आठवडे मुरवीत, आणि कोल्हापुरी वहाणेचा तो कणखर, किंचित तांबूस, पायाच्या घामाने व उन्हाने अधिकच खुलणारा रंग हा याच मुरवणीचा प्रसाद होय. दुसरी पद्धत क्रोमियमच्या क्षारांची. ऑगस्टस शुल्ट्झ याने १८८४ साली अमेरिकेत तिचे पेटंट घेतले, आणि आठवड्यांचे काम एक-दोन दिवसांवर आल्यामुळे जगभरातील कारखान्यांनी ती उचलली. आज बाजारात मिळणारे मऊ, रंगीबेरंगी, पाण्याने सहसा न बिघडणारे चामडे बहुतांशी याच जातीचे असते.

नवशिक्याने हा भेद नीट समजून घ्यावा, कारण पुढची सारी कामे त्यावर अवलंबून आहेत. वनस्पतिज पद्धतीने कमावलेले चामडे ओलसर करून त्यावर ठसे उमटवता येतात, नक्षी कोरता येते, आणि त्याच्या कडा पाणी लावून लाकडाने घोटल्या असता काचेप्रमाणे गुळगुळीत होतात. क्रोमच्या चामड्यावर यांतले काहीच साधत नाही, त्याच्या कडा दुमडाव्या लागतात किंवा रंगाने झाकाव्या लागतात. उलटपक्षी, सैल घडीची खांद्यावरची पिशवी करावयाची तर क्रोमचे चामडेच सोयीचे. खातरजमा करून घ्यावयाची असेल तर कापलेली कड पाहावी, कारण क्रोमच्या चामड्याच्या गाभ्यात पुष्कळदा निळसर-करडी छटा असते. तुकडा जाळून पाहिला तर त्याची राख हिरवट होते. आणखी एक सूचना येथेच देतो: ओल्या वनस्पतिज चामड्याला उघडे लोखंड टेकू देऊ नये, कारण त्यातील तुरट द्रव्यांचा लोहाशी संयोग होऊन जो काळा डाग पडतो तो सहज जात नाही.

सगळे कातडे सारखे नसते, हेही ध्यानी ठेवावे. पाठीचा भाग घट्ट व एकजीव असतो, पोटाचा भाग सैल असून ओढला की लांबतो. स्वस्त म्हणून पोटाच्या भागातून कापलेला पट्टा दोन-चार महिन्यांत वेडावाकडा होतो, आणि मग दोष कारागिराच्या माथी येतो. जाडी मिलिमीटरमध्ये सांगून मागावी: कमरेच्या पट्ट्यास साडेतीन ते चार, पिशवीस साधारण दोन, आणि पाकिटाच्या आतील खणांस एकाहून कमी. मुंबईत धारावीच्या दुकानांतून चामडे चौरस फुटाच्या हिशेबाने मिळते. तेथे अखंड कातडे घेण्याची ऐपत नसली तरी उरलेले तुकडे वजनावर मिळू शकतात, आणि आरंभी हात बसवण्यास त्याहून उत्तम सामान नाही.

हत्यारांची यादी दुकानदार सांगेल तेवढी मोठी नाही. आपल्या चर्मकाराच्या पुढ्यात पाहावे: रुंद पात्याची रापी, आरी, हातोडा, भोके पाडण्याचे पंच, लोखंडी ऐरण, कापण्यासाठी लाकडी ओंडका, आणि धार लावण्याचा दगड. एवढ्या सामग्रीवर त्याने आयुष्यभर संसार चालवलेला असतो. नवशिक्याने यात पोलादी मोजपट्टी, कंपास, कड गोल करण्याचे छोटे हत्यार, सम अंतरावर टाक्यांच्या खुणा पाडणारा दातेरी छिन्नीसारखा ठसा आणि शिवताना वस्तू धरून ठेवणारा लाकडी चिमटा एवढ्यांची भर घातली की पुष्कळ झाले. यांपैकी ज्या एका बाबतीत काटकसर मुळीच करू नये ती म्हणजे पाते. रापीचे काम केवळ कापण्याचे नसून तासण्याचेही आहे; जेथे दोन पदर एकमेकांवर येतात तेथे दोन्ही कडा आतल्या बाजूने उतरत्या तासून पातळ केल्या नाहीत, तर जोड फुगीर दिसतो, घडी बसत नाही आणि टाका ताणला जातो. बोथट रापी चामडे तासत नाही, ओढते. आणि ओढून लावलेल्या जोरामुळे ती निसटून हाताला लागण्याचा संभव धारदार रापीपेक्षा अधिक असतो. म्हणून कामास बसण्यापूर्वी आणि कामाच्या मध्येही, जुन्या चामड्याच्या पट्टीवर घोटाईची लुकण लावून तिच्यावर पाते फिरवण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी. चिकटवण्यासाठी जे रबरी सोल्युशन वापरतात त्याची वाफ आरोग्यास अपायकारक असते, तेव्हा खिडकी उघडी ठेवून काम करावे.

आता हातशिलाई. जीनगर ज्या टाक्याने खोगीर शिवीत आले त्यात एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया असतात, आणि आरीने पाडलेल्या प्रत्येक भोकातून त्या दोन्ही सुया परस्परविरुद्ध दिशांनी जातात. यंत्राचा टाका वेगळा: त्यात वरचा दोरा आणि बॉबिनमधला दोरा हे चामड्याच्या पोटात एकमेकांत अडकलेले असतात, आणि वरचा दोरा एका ठिकाणी झिजून तुटला की बाजूचे टाके सैल पडू लागतात. हाताच्या टाक्यात एक फेर तुटला तरी दुसरा दोरा त्याच भोकातून गेलेला असल्यामुळे शिवण धरून राहते. लगाम, पट्टे, अवजड पिशव्यांचे बंद अशा ज्या वस्तूंवर भार पडतो त्यांना आजही हातशिलाईच श्रेष्ठ मानतात, ते केवळ परंपरेच्या अभिमानापोटी नव्हे. शिवणीच्या लांबीच्या सुमारे चौपट दोरा घ्यावा, सुती-तागी दोरा असल्यास त्याला मेण लावावे, आणि प्रत्येक टाक्यात कोणती सुई आधी व कोणती नंतर हा क्रम कधीही बदलू नये. टाके एका ओळीत तिरपे, सुबक पडण्याचे रहस्य या क्रमात आहे.

हे कसब पुस्तकातून पुरते येत नाही. मोहनदास गांधी दक्षिण आफ्रिकेत असता टॉलस्टॉय फार्मवर वहाणा बांधावयास शिकले, ते त्यांचे स्नेही हरमन कालेनबाख यांच्याकडून, आणि कालेनबाख स्वतः ट्रॅपिस्ट साधूंच्या मठात जाऊन ते शिकून आले होते. पुढे गांधींनी आपल्या हातची एक जोडी जनरल स्मट्स यांना भेट दिली. वर्ध्याजवळ नालवाडीच्या चर्मालयात गोपाळराव वाळुंजकरांनी मेलेल्या जनावराचे कातडे कमावण्यापासून वहाणेपर्यंतचे सारे काम शास्त्रशुद्ध रीतीने चालवून दाखवले. शिकणाराने कारागिराच्या शेजारी बसावे, ही गोष्ट या दोन्ही उदाहरणांत समान आहे. कोल्हापूरच्या चप्पल लाइनीत, किंवा अंगठा, कान, वेणी आणि गोंडा हे वहाणेचे भाग ज्या घरांत अद्याप हातांनी घडतात अशा एखाद्या गावी, चार-आठ दिवस बसण्याची तजवीज करावी. १९७४ साली स्थापन झालेले संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ याच व्यवसायाच्या उत्कर्षासाठी आहे, त्याच्या कार्यालयातही चौकशी करावी. मात्र त्या कारागिराचा वेळ ही त्याची रोजी आहे, हे विसरू नये, आणि शिकवणीचा योग्य मेहनताना आपण होऊन पुढे करावा. ज्यांच्या विद्येला आपण शतकानुशतके विद्या म्हटले नाही, त्यांच्याकडे विद्यार्थी म्हणून जाताना एवढी मर्यादा पाळणे अगत्याचे आहे.

एवढे झाल्यावर यंत्राचा विचार करावा. इलायस हाऊ याने १८४६ साली आणि आयझॅक सिंगर याने १८५१ साली ज्या यंत्रांची पेटंटे घेतली, त्यांचाच टाका आजचे यंत्रही घालते. फरक पडतो तो कापड किंवा चामडे पुढे सरकवण्याच्या रीतीत. घरगुती यंत्रात खालचे दाते कापड पुढे ओढतात आणि वरचा पाय ते नुसते दाबून धरतो. कापडाला हे पुरते. चामड्याचा वरचा पृष्ठभाग मात्र त्या पायाला चिकटतो, खालचा पदर सरकतो आणि वरचा मागे राहतो. परिणामी टाके लहान-मोठे पडतात आणि शिवणीच्या शेवटी दोन कडा जुळत नाहीत. यावर उपाय म्हणून ज्या यंत्रांची योजना झाली त्यांत खालचे दाते, सुई आणि वरचा चालता पाय ही तिन्ही एकाच वेळी पुढे सरकतात, आणि सुई चामड्यात रुतलेली असतानाच ते पुढे जात असल्याने पदर एकमेकांवरून घसरण्यास अवसरच राहत नाही. व्यवसायाच्या हेतूने जो यंत्र घेणार आहे त्याने दुकानदाराला प्रथम हेच विचारावे, की सरकण्याची ही तिहेरी व्यवस्था यात आहे काय. मोटर किती शक्तीची, हा प्रश्न त्यानंतरचा.

यंत्राचा आकार कामावरून ठरतो. पाकिटे, पट्टे, फायली अशा सपाट वस्तूंना सपाट पाट्याचे यंत्र. तयार पिशवीचे तोंड किंवा बाजूची पट्टी शिवावयाची तर नळीसारखा आडवा बाहू असलेले. आणि बुटाच्या वरच्या भागासाठी खांबासारखे उभे. जुन्या बाजारात सिंगरचे २९ के जातीचे यंत्र पुष्कळदा दृष्टीस पडते. त्याचा बाहू इतका अरुंद की तो बुटाच्या आत जातो, आणि पाय कोणत्याही दिशेला फिरवता येत असल्याने वस्तू न वळवता शिवण वळवता येते. दुरुस्तीच्या कामास त्याला तोड नाही. परंतु त्याची बॉबिन लहान, आणि पायाच्या दात्यांचे वळ चामड्यावर उठतात. म्हणून नव्या वस्तूंच्या लांब, सरळ शिवणीसाठी ते एकमेव यंत्र म्हणून घेऊ नये. घरातील जुन्या ओतीव लोखंडी यंत्रावर मऊ, एक मिलिमीटरच्या आसपासच्या चामड्याचे दोन पदर बारीक दोऱ्याने शिवून पाहण्यास हरकत नाही, परंतु पट्ट्याचे चामडे त्यावर लादल्यास सुई मोडेल, आणि कालांतराने यंत्राची सांधेजोडही ढिली होईल.

सुई आणि दोरा यांचे प्रमाण काटेकोर असावे लागते. चामड्याच्या सुईचे टोक कापडाच्या सुईसारखे गोल नसते, ते पात्यासारखे कापीत जाते. आणि चामड्यात पडलेले भोक पुन्हा बुजत नाही, म्हणून उसवून शिवण्याची मुभा येथे नाही. ७० टेक्सच्या नायलॉन दोऱ्यास १०० ते ११० क्रमांकाची सुई लागते, १३५ टेक्सच्या जाड दोऱ्यास १४० ते १६०, आणि हा जाड दोरा घरगुती यंत्राच्या ताणयंत्रणेला पेलत नाही. टाका इंचास सहा ते आठ एवढा ठेवावा. त्याहून फार बारीक केला तर चामडे पोस्टाच्या तिकिटाच्या कडेप्रमाणे त्याच रेषेवर फाटू लागते. मोटरीच्या बाबतीत नवशिक्याने सर्वो मोटर घ्यावी हे बरे. जुनी क्लच मोटर पायाचा किंचित दाब पडताच वेग घेते, आणि कोपऱ्यावर एकेक टाका घालण्याची वेळ येते तेथे तो वेग आवरत नाही. सर्वो मोटर हव्या तितक्या मंद गतीने चालवता येते, आणि काम थांबले की वीजही खर्चत नाही.

यंत्र पाहावयास जाताना स्वतः वापरणार तेच चामडे आणि तोच दोरा बरोबर न्यावा, कारण दुकानातील मऊ तुकड्यावर प्रत्येक यंत्र छान चालते. आपल्या वस्तूत जेवढे पदर येणार तेवढे एकत्र करून शिवावे, मध्ये एका पदरावरून तीन पदरांवर चढावे आणि पुन्हा उतरावे, काटकोनात वळावे; मग तुकडा उलटून खालची बाजू पाहावी. चढावर टाका आखूड झाला नसेल, खाली दोऱ्याचे गुंते नसतील, आणि दोन्ही पदरांच्या कडा शेवटपर्यंत जुळलेल्या असतील, तर मग सुटे भाग जवळपास कोठे मिळतात आणि दुरुस्तीस माणूस येईल काय एवढे विचारून व्यवहार करावा.