एका नोंदीच्या दोन नकला

सेतू केंद्राच्या पत्र्यावर पाऊस ताडताड वाजतोय. बारावीचा निकाल लागलाय, प्रवेश सुरू झालेत, आणि रांग कचेरीच्या फाटकातून झेरॉक्सच्या दुकानापर्यंत गेलीय. ज्याच्या त्याच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी: रेशनकार्ड, शाळेचा दाखला, वंशावळीचं प्रतिज्ञापत्र. अहिल्यानगर जिल्ह्यातलं हे तालुक्याचं गाव. मी भाचीच्या उत्पन्नाच्या दाखल्यासाठी उभा आहे.

माझ्यापुढे चौघं आहेत. ऐंशी ओलांडलेले एक आजोबा, त्यांची नात, आणि त्यांच्या मयत थोरल्या भावाचा नातू त्याच्या आईबरोबर. आडनाव एक, वस्ती एक. पोरगी आणि पोरगा दोघंही यंदा बारावी पास झालेत. आजोबांच्या हातात कोतवाल बुकाच्या उताऱ्याच्या दोन नकला आहेत. त्या उताऱ्यात दोघा भावांच्या जन्माच्या नोंदी आहेत, एकाखाली एक, आणि दोन्हींपुढे जात लिहिलीय: महार. अनुसूचित जातीच्या दाखल्याला १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा लागतो. हा त्याच्याही आधीचा आहे.

पोरीचा अर्ज आधी भरला जातो. केंद्रातला मुलगा न बघता की दाबत जातो. धर्म बौद्ध, पूर्वीची जात महार, प्रवर्ग अनुसूचित जाती. पाच-सात मिनिटांत काम होतं.

मग पोराची फाइल उघडते.

"धर्म?"

"ख्रिस्ती."

मुलाचे हात थांबतात. "मग एससीत नाही बसत. ओबीसीचा भरावा लागंल. नॉन क्रिमीलेअरसाठी तीन वर्षांचा उत्पन्नाचा दाखला आणलाय का?"

पोराची आई पुढे होते. "अहो दादा, एकाच घरातली पोरं आहेत ही. कागद बी एकच आहे."

"मावशी, मी काय करू? नियम तसा आहे."

मुलगा खरंच काही करू शकत नाही. नियम राष्ट्रपतींच्या १९५० च्या अनुसूचित जाती आदेशातला आहे. त्याच्या परिच्छेद ३ नुसार तेव्हा फक्त हिंदू धर्म मानणाऱ्यालाच अनुसूचित जातीचा समजलं जाई. शीख धर्मातल्या मोजक्या जातींचा काय तो अपवाद होता. १९५६ मध्ये सगळ्या दलित शिखांना त्यात जागा मिळाली, १९९० मध्ये बौद्धांना. ख्रिस्ती आणि मुसलमान दलित आजही बाहेर आहेत. आरक्षण नाही, राखीव मतदारसंघ नाही, आणि गावात कुणी जातीवरून मारहाण केली तर ॲट्रॉसिटीचं कलमही लागत नाही.

रांगेतला एक जण मागून सल्ला देतो, "हिंदू लिही ना. कोण बघायला येतंय?"

पोरगा मागे वळतो. आवाज चढवत नाही. "दर रविवारी मंडळीत पेटी मी वाजवतो. सगळ्या गावाला माहीत आहे. खोटं कशाला लिहू?"

नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका प्रकरणात निकाल दिलाय: ख्रिस्ती धर्म पाळायचा आणि आरक्षणासाठी हिंदू म्हणवायचं, ही संविधानाची फसवणूक आहे. म्हणजे खरं लिहिलं तर हक्क जातो, खोटं लिहिलं तर गुन्हेगार ठरायची पाळी. अठरा वर्षांच्या पोराला सरकारने असा पेच घालू नये.

आजोबा इतका वेळ गप्प आहेत. आता ते बाकावर टेकतात आणि त्या पोरालाच सांगायला लागतात. "छप्पन साली दीक्षा झाली तवा मी बारा वर्षांचा. नागपूरला आमच्यातलं कुणी गेलं नव्हतं, पण घरातले देव आम्ही बी काढले. तुझा आजा मिशनच्या दवाखान्यात कामाला, तो पुढं मंडळीत गेला. मी रेल्वेत लागलो तवा साहेब म्हणाला, बौद्ध लिहिलं तर सवलत नाही. मी हिंदू महार लिहिलं. घरात बाबासाहेबांचा फोटो, बुद्धाची मूर्ती, आणि हपिसात हिंदू. लई वर्षं तसंच काढलं."

महाराष्ट्र सरकारने नवबौद्धांना राज्याच्या सवलती पूर्वीच दिल्या होत्या. केंद्राने त्यासाठी १९९० साल उजाडू दिलं. चौतीस वर्षं लाखो माणसांना घरी एक धर्म आणि कागदावर दुसरा, असं जगावं लागलं. आजोबांना ते अजून सलतं, हे त्यांच्या बोलण्यातून कळतं.

ख्रिस्ती धर्मात अस्पृश्यता नाही, मग सवलत कशाला, असा युक्तिवाद नेहमी होतो. बौद्ध आणि शीख धर्मांतही ती नाही. सवलत धर्माच्या शिकवणीवर ठरत नसते. गाव माणसाला कसं वागवतं, त्यावर ती ठरायला हवी. या पोराला गाव आडनावावरून ओळखतं, आणि तो राहतो त्याच वस्तीत.

"आमच्यातले म्हणतात, ही आली की आपल्या जागा कमी होतील," आजोबा माझ्याकडे बघून म्हणतात. भीती खरी आहे, ती झटकून टाकता येणार नाही. पण जागा वाढवणं हे सरकारचं काम आहे. त्यासाठी चुलत भावाला दाराबाहेर ठेवायचं कारण नाही. आजोबांचंही तेच मत दिसतं, कारण ते खिशातून पैसे काढून पोराच्या अर्जाची फी भरतात. ओबीसीचा तर ओबीसीचा, प्रवेशाची तारीख जवळ आलीय.

रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ मध्येच १९५० च्या आदेशातला परिच्छेद ३ काढून टाकायची शिफारस केली होती. ऑक्टोबर २०२२ मध्ये के. जी. बालकृष्णन यांचा नवा आयोग नेमला गेला, आणि त्याला मुदतवाढही मिळाली. खरं तर या बदलासाठी संविधान दुरुस्तीही लागत नाही. अनुच्छेद ३४१ प्रमाणे संसदेने साधा कायदा केला की पुरे. १९५६ आणि १९९० मध्ये तेच झालं. तसाच कायदा आता व्हावा, आणि ही मागणी ख्रिस्ती, मुसलमान दलितांच्या आधी आपण बाकीच्यांनी लावून धरावी.