बाहेरचं त्यांचं, आतलं माझं

वाईहून धाकट्या बहिणीचा फोन आला की तिचा पहिला प्रश्न ठरलेला, ‘‘ताई, आज कुठं आहात?’’ इतरांना लोक ‘कशी आहेस’ विचारतात, मला ‘कुठं आहेस’ विचारतात! कारण गेली आठ वर्षं आम्हाला घरच नाही. म्हणजे आहे, पण ते चाकांवर आहे.

लग्न होऊन १९८० साली मी अमेरिकेत आले. ओहायो राज्यात पस्तीस-छत्तीस वर्षं संसार केला. मुलगा शिकला, नोकरीसाठी लांब कॅलिफोर्नियाला गेला. हे इंजिनियर, ते रिटायर झाले. चार बेडरूमचं घर, त्यात माणसं दोन आणि दर हिवाळ्यात दारातला बर्फ उपसायला एक फावडं! एका संध्याकाळी हे म्हणाले, ‘‘इतकी वर्षं या देशात राहिलो, पण नायगारा सोडून काय पाहिलं आपण?’’ खरंच होतं. भारतातून कुणी आलं की आमचं आपलं नायगारा. मला तर तिथल्या पार्किंगवाल्याचा चेहराही पाठ झाला होता.

अमेरिकेत आज ६३ राष्ट्रीय उद्यानं आहेत. उद्यान म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कारंजं आणि झोपाळे येतात. इथलं पहिलं राष्ट्रीय उद्यान यलोस्टोन, १८७२ सालचं. ते आपल्या सातारा जिल्ह्याहून थोडंसंच लहान आहे. आत डोंगर, नद्या, उकळत्या पाण्याचे झरे आणि रस्त्यात ठाण मांडून बसणारे गवे. अशा ठिकाणी चार दिवसांत काय बघणार? आतली हॉटेलं मोजकी आणि महाग. म्हणून लोक आपलं बिऱ्हाडच बरोबर नेतात, कॅम्परमधून.

आमचा कॅम्पर म्हणजे २४ फुटी ट्रेलर. त्याला स्वतःचं इंजिन नाही, पिकअप गाडीच्या मागे जोडून ओढायचा. आत पलंग, दोन शेगड्या, फ्रीज, संडास-बाथरूम. सगळं मिळून दोनशे चौरस फूटसुद्धा नाही. वाईच्या आमच्या वाड्याचं माजघर याहून मोठं होतं! २०१७ च्या उन्हाळ्यात घर विकलं. क्रोकरी गेली, सोफा गेला, मुलाचा पाळणा देताना मात्र मी आतल्या खोलीत जाऊन बसले. ठेवलं काय, तर कुकर, पोळपाट-लाटणं, तवा, आणि माहेरून आलेले बाळकृष्ण नि अन्नपूर्णा. गाडी सुटायच्या आधी त्या दोघांना जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळून डब्यात ठेवते. मुक्कामाला पोचलं की पहिल्यांदा ते बाहेर येतात, मग चहाचं आधण.

त्याच जूनमध्ये मी ६२ पूर्ण केली. अमेरिकेत ६२ वर्षांवरच्या नागरिकांना राष्ट्रीय उद्यानांचा जन्मभराचा पास मिळतो. तो तेव्हा अवघा १० डॉलरला होता. ऑगस्टच्या अखेरीस ८० डॉलर होणार म्हणून मी धावत जाऊन काढला. या पासावर तंबूतळांचं भाडंही बऱ्याच ठिकाणी निम्मं होतं. म्हातारपणाचा असा फायदा मला तरी आयुष्यात पहिल्यांदाच झाला.

मुलगा नाराज होता. ‘‘आई, रस्त्यात काही झालं तर?’’ हे त्याचं पालुपद. बहिणीला वाटे, मुलानं सांभाळलं नाही म्हणून ही दोघं रस्त्यावर आली! तिचंही अगदीच खोटं नव्हतं. या देशात खरोखर नाइलाजानं गाडीत राहणारी माणसं आहेत. २००८ च्या मंदीत ज्यांचं घर, नोकरी, साठवलेलं सगळं गेलं, अशी साठी-सत्तरीची माणसं, त्यात बायका पुष्कळ. ‘नोमॅडलँड’ हा सिनेमा त्यांच्यावरच आहे, २०२१ मध्ये त्याला ऑस्कर मिळालं. त्या बायका आम्हाला भेटतात. शेजारच्या गाडीत राहतात, हंगामी काम करतात. आमच्यासारखी हौस आणि त्यांची गरज एकाच झाडाखाली उभी असते, हे विसरून चालत नाही.

तर, संसार चाकांवर आला, पण संसाराची वाटणी मात्र वाईच्या वाड्यातलीच राहिली. बाहेरचं त्यांचं, आतलं माझं. गाडी चालवणं, ट्रेलर जोडणं-सोडवणं, वीज, पाणी, टाक्या रिकाम्या करणं हे त्यांचं. स्वयंपाक, भांडी, धुणं, अंथरुणं माझी. ट्रेलरच्या पोटात तीन टाक्या असतात. एक चांगल्या पाण्याची, एक मोरीच्या पाण्याची, एक संडासाची. शेवटची दर चार-पाच दिवसांनी, ठरलेल्या जागी नेऊन, जाड नळी लावून रिकामी करायची. त्या वेळी मी मुद्दाम आत काहीतरी चिरत बसायची. मजा म्हणजे, बहुतेक जोडप्यांत हेच बघितलं. अमेरिकन बायकासुद्धा! पस्तीस वर्षं ऑफिसला मोटार चालवत गेलेल्या बायका, पण ट्रेलर जोडला की शेजारच्या सीटवर जाऊन बसणार आणि नकाशा बघणार. मीही त्यांतलीच.

फेब्रुवारी २०१८ मध्ये आम्ही टेक्सासच्या नैर्ऋत्य भागात बिग बेंड उद्यानात होतो. रिओ ग्रांदे नदीचा मोठा वळसा म्हणून हे नाव. नदीच्या पलीकडे मेक्सिको. वल्ह्याच्या होडीतून नदी ओलांडून बोकियास गावात गेलो, तिथल्या बायकांनी भरतकाम केलेली पिशवी घेतली. रात्री आकाशात इतक्या चांदण्या की ओळखीची नक्षत्रं शोधावी लागत! तंबूतळावर वीज नाही, आमच्या जागेवर मोबाईलला रेंज नाही. भाडं रात्रीचं सात डॉलर. सुखात होतो.

नवव्या दिवशी सकाळी चहा पिताना हे म्हणाले, ‘‘डाव्या डोळ्यासमोर कोळिष्टकं तरंगताहेत. कोपऱ्यात काळा पडदा ओढल्यासारखं वाटतंय.’’ आणि वर, ‘‘जरा पडतो, बरं वाटेल.’’ पुरुषांचं नेहमीचं! शेजारच्या गाडीत मिनेसोटाची एक बाई एकटीच राहायची. सत्तरीची, सोबतीला कुत्रा. मी सहज तिला सांगितलं, तर ती हातातला कप खाली ठेवून म्हणाली, ‘‘माझ्या भावाचं असंच झालं होतं. पडू देऊ नकोस. आत्ता निघ.’’

नशीब, ट्रेलर गाडीपासून सोडवलेला होता. नुसती गाडी घेऊन निघाले. पण डोळ्यांचं ऑपरेशन होईल असं जवळचं शहर मिडलंड, जवळजवळ ४०० किलोमीटरवर! उद्यानातून बाहेर पडल्यावर मॅरेथॉन नावाचं पहिलं गाव येतं, तिथपर्यंत रस्त्यावर दुसरं गाव नाही. मधे एके ठिकाणी यांनी विचारलं, ‘‘डिझेल किती आहे?’’ मला काटा कुठला तेही पटकन सापडेना. सहा महिने त्या गाडीत बसत होते मी!

डोळ्याच्या आतला पडदा, रेटिना, सुटत होता. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन दिवस गेले असते तर नजर गेली असती. ऑपरेशननंतर डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडतात, तो पडद्याला आतून दाबून धरतो. म्हणून दिवसाचा बराच वेळ मान खाली घालून बसायचं. बुडबुडा विरेपर्यंत विमान नाही, उंच डोंगरावर जायचं नाही, कारण उंचीवर तो फुगतो आणि डोळ्यावर ताण येतो. गाडी चालवण्याचा तर प्रश्नच नाही. खर्चाची काळजी मेडिकेअरनं हलकी केली. ६५ वर्षांनंतर मिळणारा हा सरकारी विमा सगळ्या राज्यांत चालतो. आमच्यासारख्या फिरस्त्यांना तो नसता तर काय झालं असतं कोण जाणे.

आणि आमचं घर? ते ४०० किलोमीटर मागे, नदीकाठी झाडाखाली उभं! त्या तळावर सलग १४ दिवसांपेक्षा जास्त राहता येत नाही.

मुलगा विमानानं आला. दोन दिवस वडिलांजवळ बसला आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, ‘‘आई, मी कुणाला तरी पैसे देऊन तो ट्रेलर आणवतो. मग विकून टाकू. तुम्ही माझ्याकडे चला.’’ बोलण्यात प्रेमच होतं. पण तो ‘विकून टाकू’ म्हणाला तेव्हा यांनी खाली घातलेली मान आणखी खाली गेली, ते मी पाहिलं. मी म्हटलं, ‘‘तू बाबांजवळ थांब. मी घेऊन येते.’’

म्हणाले खरी! पण रात्रभर झोप नाही. पहाटे एकटी निघाले.

शेजारीण वाट बघत होती. रेंजरला सांगून तिनं आमची जागा सांभाळली होती. बाई तीस वर्षं शाळेची बस चालवायची, हे मला तेव्हा कळलं. तिनं दोन दिवस माझी शाळा घेतली. पहिला धडा, चाकांच्या पुढे-मागे ठोकळे लावल्याशिवाय ट्रेलर गाडीपासून सोडवायचा नाही, नाहीतर घर आपलं आपण चालू लागेल. दुसरा, वळताना रुंद वळायचं, कारण मागची चाकं आतून कापत येतात. तिसरा सगळ्यात अवघड, ट्रेलर मागे घेणं. स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं की ट्रेलर डावीकडे जातो! माझी मती गुंग झाली. तिनं माझा हात धरून स्टिअरिंगच्या तळाशी ठेवला. ‘‘आता हात जिकडे नेशील तिकडे ट्रेलर जाईल.’’ इतकं सोपं! यांना सहा महिने ओरडताना ऐकत होते, पण हे कुणी सांगितलं नव्हतं. चौथा धडा, शंका आली की उतरून बघायचं. लाज वाटून घ्यायची नाही.

दोनदा कचऱ्याचा डबा पाडला. एकदा झाडाच्या फांदीनं छताची जाळी ओरबाडली. तिसऱ्या दिवशी सकाळी बाळकृष्ण-अन्नपूर्णा डब्यात ठेवले, साखळ्या, ब्रेक, मागचे दिवे दोनदा तपासले आणि निघाले. टेक्सासचा तो मोकळा माळ, आडवा वारा. वाऱ्यानं ट्रेलर हलला की पोटात गोळा यायचा. ताशी ५५ मैलांवर गेले नाही. मागे गाड्यांची रांग लागली की बाजूला घ्यायची, सगळ्यांना पुढे जाऊ द्यायची. अंधार पडायला मिडलंडच्या तळावर पोचले. मुलगा बाहेर उभा होता. मी ट्रेलर त्या अरुंद जागेत मागे घेत होते, पहिल्या खेपेला वाकडा गेला, दुसऱ्याही. तो मदतीला पुढे आला नाही, तोंडानं काही बोललाही नाही, नुसता टॉर्च धरून उभा राहिला. तिसऱ्या खेपेला बसला! आत गेले तर पाय लटपटत होते. चहा त्यानं केला.

पुढचे सात आठवडे त्याच तळावर काढले. तिथंच मी यांना म्हटलं, ‘‘मी तुमचं शिकले, आता तुम्ही माझं शिका.’’ तेव्हापासून आमचा नियम आहे. एक आठवडा बाहेरचं सगळं माझं, आतलं त्यांचं. पुढच्या आठवड्यात उलट. पहिल्या आठवड्यात कुकरला नऊ शिट्ट्या झाल्या आणि वरणाची पेज. आता आमटी छान करतात, पोळ्या मात्र अजून नकाशासारख्या. यांचा डोळा सुधारला, तरी रात्री ते गाडी चालवत नाहीत. ती माझीच पाळी.

त्यानंतर पुष्कळ पाहिलं. ग्लेशियर उद्यानातल्या घाटात २१ फुटांपेक्षा लांब गाडी नेता येत नाही, ट्रेलर खाली ठेवून वर गेलो. २०१९ मध्ये झायनचा बोगदा मी पार केला. १९३० सालचा, मैलभराहून लांब, त्या काळच्या लहान मोटारींसाठी खोदलेला. आमच्यासारख्यांसाठी १५ डॉलर घेऊन समोरची वाहतूक थांबवली आणि मी बरोबर मधून गाडी घातली. शेजारी बसून हे नकाशा बघत होते! ग्रँड कॅनियनला तर घरी आल्यासारखं वाटलं. तिथल्या सुळक्यांना विष्णू, शिव, ब्रह्मा यांची नावं आहेत. डटन नावाच्या भूगर्भशास्त्रज्ञानं १८८० च्या सुमारास अशी नावं द्यायची चाल पाडली. तळाच्या खडकालाही विष्णूचंच नाव, वय १७० कोटी वर्षांच्या आसपास. मी कठड्यावरून हात जोडले तर शेजारचा माणूस गोंधळला.

पत्ता विचाराल तर टेक्सासमधल्या लिव्हिंग्स्टनचा. पीटरसन नावाच्या जोडप्यानं १९७८ मध्ये फिरस्त्यांचा एस्केपीज क्लब काढला, त्याचं ठाणं तिथं आहे. आमची पत्रं तिथं येतात, मग आम्ही असू तिथं पाठवली जातात. आमचं मतदानही तिथलंच. तिथं एक सोय मला फार आवडली. आजारी किंवा थकलेली माणसं आपल्याच गाडीत राहतात आणि जेवणखाण, देखभाल केंद्राकडून मिळते. एकदा जाऊन बघून आलो. यांना म्हटलं, ‘‘जागा बघून ठेवली, तारीख नको.’’

२०२० मध्ये कोरोनात उद्याने बंद झाली तेव्हा मात्र घर नसल्याचं कळलं. चार महिने मुलाच्या अंगणात ट्रेलर लावून राहिलो. नातवंडांना ट्रेलरमध्येच झोपायचं असायचं. मुलगा एकदा म्हणाला, ‘‘आई, मला मागे घ्यायला शिकव ना.’’ मी त्याचा हात धरून स्टिअरिंगच्या तळाशी ठेवला.

आता एकाहत्तरावं चालू आहे. वर्षातले काही महिने एकाच तळावर स्वयंसेवक म्हणून राहतो. तळाची देखरेख करायची, बदल्यात जागा फुकट. कालच बहिणीनं विचारलं, ‘‘ताई, थांबणार कधी तुम्ही?’’ मी काहीतरी बोलणार, तेवढ्यात बाहेरून हाक आली, ‘‘अहो बाई, संडासाची टाकी भरलीय. हा आठवडा तुमचा!’’

तिला म्हटलं, ठेव फोन, हातमोजे शोधायचे आहेत.